ब्रशाला टोक काढण्याची रीत

सिस्टरने खिडकीच्या चौकटीवर सुरी टेकवली आणि नखाएवढा रंगाचा पापुद्रा सोलून काढला.

“ती चौकट माझ्या हातची नाही,” म्हातारा खुर्चीतून म्हणाला. “असला मळका निळा मी जन्मात लावला नसता.”

“कोणाच्या हातची ते विचारत नाही, बाबा. रंगात काय आहे ते बघतेय.”

टोकाला कापूस गुंडाळलेली एक ओली काडी तिने पापुद्र्यावर चोळली. शिसे असेल तर कापूस गुलाबी होतो, हे तिने उंबऱ्यातच सांगून ठेवले होते. त्यामुळे घरातली सगळी माणसे त्या कापसाकडे, उतू जाऊ पाहणाऱ्या दुधाकडे बघावे तशी बघत होती. कापूस पांढराच राहिला. मग दार झाले, भिंत झाली, नळाची तोटी, मुलीची पाटी, चाकांची लाकडी मांजर. कागदावर अकरा काड्या ओळीने पडल्या. अकराही पांढऱ्या.

“म्हणजे घर स्वच्छ आहे,” मुलीचा बाप म्हणाला. तो लिफ्टदुरुस्तीच्या गणवेशात, कामावरून तासाभराची सुट्टी काढून आला होता.

“घर स्वच्छ आहे. पोरीच्या रक्तात चौदा आहे.”

सुनेने मुलीचा हात आणखी घट्ट धरला. मूळचे कारण नुसते पोटदुखीचे होते. त्यात शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की मुलगी मागच्या महिन्यात गिरवलेली अक्षरे या महिन्यात ओळखत नाही. आरोग्य केंद्रात रक्त काढले आणि तो आकडा आला. लहान मुलाच्या रक्तात शिसे मुळी असूच नये, पाचवर गेले तरी आम्ही घरी येतो, असे सिस्टर म्हणाली होती. तेव्हापासून चौदा हा आकडा घरात न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा मुक्कामाला होता. जेवताना ताटाशी, झोपताना उशाशी.

“रंगाचं काम घरात कोण करतं?”

“करत होतो,” म्हातारा म्हणाला. “दुकानांचे बोर्ड. पन्नास वर्षं. डोळे गेले तसं तीन वर्षांपूर्वी बंद केलं. आता घरात एक रेघ ओढत नाही.”

“आणि सिगरेट?”

उत्तराची गरजच नव्हती. म्हाताऱ्याच्या उजव्या कानावर एक सिगरेट खोचलेली होती आणि खोलीचे छत त्याच्या खुर्चीच्या बरोबर वर तपकिरी झालेले होते.

“आमच्या केंद्राच्या जिन्यावर एक बोर्ड आहे, बाबा. धूम्रपान करू नये. तुमचाच ना?”

“माझाच!” म्हाताऱ्याची मान ताठ झाली. “त्यातल्या ‘धू’चा झोक पाहिलात? दुसऱ्या कोणाच्या हातून उतरायचा नाही.”

“बोर्ड सुंदर आहे. कधी वाचलात का?”

“रंगवणाऱ्याने वाचायचं नसतं, सिस्टर. वाचलं की हात अडखळतो.”

सिस्टर हसली. मग हसू आवरून तिने काड्या पिशवीत भरल्या. तीन-चार कोऱ्या काड्या मात्र टेबलावर ठेवल्या, काही सापडलेच तर म्हणून. “तंबाखूच्या धुरातही शिसं असतं,” ती म्हणाली. “मोठ्या माणसाला ते थोडं वाटतं. पण बंद खोलीत, सहा वर्षांच्या छातीत, रोज… तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. तोवर हा धूर बंद.”

*धूम्रपान करू नये*

हा बोर्ड म्हाताऱ्याने आयुष्यात चारशेच्या वर वेळा रंगवला होता. दवाखान्यांत, बसस्थानकांवर, सिनेमाच्या पायऱ्यांवर. आणि चारशेही वेळा त्याच्या तोंडात सिगरेट होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे दुकानदार त्याला तोंडावर म्हणत. तो धुरामुळे डावा डोळा बारीक करून अर्ध्या ओठातून उत्तर देई, “पाषाणावरच रंग चांगला धरतो.” गावातला निम्मा रस्ता त्याच्या हातचा होता. लोक त्याला पेंटर म्हणत, नात आजोबा म्हणे, आणि तो नातीला ठिपकी म्हणे. जन्मली तेव्हा ब्रशावरून ओघळलेल्या ठिपक्याएवढी होती म्हणून.

सून कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत कामाला होती, मळके कपडे वेगळे करण्याच्या टेबलावर. तिथे अकरा वर्षे उभी राहिल्यामुळे तिच्या नाकाला डोळे फुटले होते. कॉलर हुंगून ती सांगे, हा माणूस गाडी दुरुस्त करतो, ही बाई दवाखान्यात काम करते, हा बायकोपासून लपवून ओढतो. ठिपकीच्या फ्रॉकना सिगरेटचा वास येतो हे तिला पोरगी रांगत होती तेव्हापासून ठाऊक होते. ती रोज तो वास धुऊन काढत होती आणि रोज गप्प बसत होती. कारण ती दिवसभर कामावर, नवरा दिवसभर कामावर, आणि पोरीची दुपार म्हाताऱ्याच्या जिवावर.

सिस्टर येऊन गेली त्या रात्री नवरा जेवता जेवता म्हणाला, “तीन महिने बघू. नाहीतर बाबांना दादाकडे पाठवू.”

“दादा अकराव्या मजल्यावर राहतो. त्यांचा जीव रमेल तिथे?”

“आणि इथे हिचा जीव राहील?” त्याने ठिपकीकडे पाहिले. “सोडणार नाहीत ते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.”

मधले दार लोटलेले होते, लावलेले नव्हते.

सकाळी सून चहा ठेवत असताना म्हातारा स्वयंपाकघरात आला. पाकीट, लायटर आणि कानावरची एक असा सगळा ऐवज त्याने ओट्यावर मांडला.

“मरायला अजून अवकाश आहे, सूनबाई,” तो म्हणाला. “खोड आधी जाऊ दे.”

*शांतता राखा*

पहिले पंधरा दिवस त्याने कोणाशी धड बोलणे केले नाही. जिन्याने चढ-उतर करी. कानामागे हात नेई आणि रिकामा परत आणी. एकदा त्याने स्वतःच्याच बोटांवर चापट मारलेली सुनेने पाहिली.

“तोंडाला काहीतरी लागतं गं,” तो कबूल झाला. “बाकी काही नाही.”

मग एक दिवस खाटेखालची पत्र्याची पेटी त्याने ओढून काढली. आत जुने ब्रश होते, तेलात भिजवून, कागदात गुंडाळून ठेवलेले, तान्ह्या बाळांसारखे. “पोरगी अक्षरं विसरते ना? मी शिकवतो. पाटीवर नाही. पाटीवरचं पुसतं. ब्रशाने शिकलेलं मनगटात राहतं.”

सुनेला बरे वाटले. संध्याकाळी ती घरी येई तेव्हा जुन्या वर्तमानपत्रावर हातभर लांबीचे ‘क’ आणि ‘म’ वाळत पडलेले असत, आणि आजोबा-नात दोघेही भुकेने कळवळलेले असत. पोरीचा धुराने लागलेला खोकला थांबला. म्हाताऱ्याच्या शर्टातून पहिल्या महिन्यात वास उतरत गेला, दुसऱ्यात उरलासुरला शिवणीतून गेला, तिसऱ्यात शर्टाला नुसता साबणाचा वास येऊ लागला. खिसा तेवढा अजून इस्त्रीला दाद देत नव्हता. त्याच्या तळाच्या शिवणीत वर्षानुवर्षांचा तंबाखूचा भुगा घट्ट बसला होता.

मग रक्त तपासले.

सोळा.

“चोरून ओढताहेत,” नवरा चिठ्ठी टेबलावर आपटत म्हणाला. म्हातारा समोरच बसला होता, पण नवरा तो खोलीत नसल्यासारखा बायकोशी बोलत होता.

“नाही ओढली,” म्हातारा म्हणाला.

“मग वाढलं कसं?”

“ते माहीत नाही. पण नाही ओढली.”

“ते ओढत नाहीत,” सून म्हणाली. “मी रोज शर्ट हुंगते.”

“तू काय पोलिसांची कुत्री आहेस?”

“असते तर पगार बरा मिळाला असता.”

नवऱ्याला हसू आले नाही. त्याने फोन काढला आणि रविवारच्या गाडीचे तिकीट काढले. एकाचे. म्हातारा उठला, ठिपकीने जमिनीवर विसरलेला ब्रश उचलला, आणि आत गेला.

*रंग ओला आहे. हात लावू नये.*

गुरुवारी लॉन्ड्रीत गर्दी कमी होती. घरचे कपडे आणायला मालकाची हरकत नसे. सुनेने ठिपकीचे तीन फ्रॉक टेबलावर उलटे केले आणि तिसऱ्यावर तिचा हात थांबला.

गळपट्टीच्या आतल्या बाजूला एक पिवळा डाग होता. मोहरीएवढा. तिने नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. तेलरंग. तसे या घरात तेलरंगाचे डाग नवे नव्हते, आणि बाहीवर असता तर तिने दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. पण डाग कुठे पडतो यावरून तो कुठून आला ते कळते, हे तिच्या टेबलाचे पहिले शास्त्र होते. चहा छातीवर सांडतो. शाई खिशात फुटते. हाताचा रंग पोटाला पुसला जातो. हनुवटीच्या खाली, गळपट्टीच्या आत, जे येते ते तोंडातून येते.

तिने बाकीचे दोन फ्रॉक पुन्हा उलटे केले. दोन्हींवर होते. तसेच, त्याच जागी.

ती अर्ध्या दिवसाची रजा सांगून निघाली. कोपऱ्यावरून घर पाच मिनिटांवर होते, तरी तिला दम लागला.

दोघे खिडकीखाली बसले होते. मध्ये एका डब्याचे झाकण होते आणि झाकणात पिवळा रंग, सकाळच्या उन्हासारखा पिवळा. खाटेखाली पेटी उघडी होती, आत त्याच रंगाचे चार-पाच जुने डबे. वर्तमानपत्रावर एक ‘ग’ अर्धा झाला होता.

ती ओरडली नाही. चप्पल काढून शेजारी बसली.

“बाबा, एवढी बारीक रेघ कशी येते? ब्रशाला टोक कसं काढता?”

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. पन्नास वर्षांत लोकांनी त्याला बोर्ड कधी देणार ते विचारले होते, हे कोणी विचारले नव्हते. “ते खरं शिक्षण. केस सुटे झाले की रेघ पसरते. फडक्याने केस मोडतात, बोटाने वाकतात. म्हणून असं,” त्याने ब्रश रंगातून काढला, झाकणाच्या कडेला निथळवला, “जरासं फिरवायचं, आणि सुईत दोरा ओवताना ओढतो तसं…”

ब्रश ओठांना लागला आणि तिथेच राहिला.

कारण समोर ठिपकीही तेच करत होती. तिने ब्रश निथळवला, जरासा फिरवला, मान कलती करून ओठांतून ओढला. आणि ओढताना डावा डोळा बारीक केला, नसलेल्या सिगरेटचा नसलेला धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

म्हाताऱ्याने आपला ब्रश खाली ठेवला. मग हात पुढे करून तिच्या हातातला काढून घेतला, झोपलेल्या मुलाच्या हातातले खेळणे काढावे तसा.

“हा पिवळा आता बाजारात मिळत नाही,” तो म्हणाला. “एका हातात झाकायचा. खालची भिंत दिसायची नाही. त्यात शिसं आहे म्हणून झाकतो, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.” त्याने झाकणाकडे पाहिले. “मी त्या सिस्टरला म्हणालो, घरात एक रेघ ओढत नाही. तेव्हा खोटं नाही बोललो, सूनबाई. नंतर शिकवायला बसलो, ते मी कामात धरलंच नाही.”

“सिगरेटच्या जागी ब्रश आला तोंडात?”

“दिवसभर.”

सिस्टरने टेबलावर ठेवलेल्या काड्यांतली एक तिने आणली. काडी त्यानेच तिच्या हातातून घेतली आणि ‘ग’च्या वळणावर चोळली.

बाराव्या काडीचा कापूस गुलाबी झाला नाही. लालभडक झाला.

“मस्त!” ठिपकी म्हणाली. “हा रंग कोणता?”

*वळण पुढे आहे*

संध्याकाळी मुलगा दारात आला तेव्हा म्हातारा उभाच होता. शेजारी त्याची बॅग होती, आणि तिच्या शेजारी चिकटपट्टीने तोंडे बांधलेले डबे, केंद्रात पोचवायचे म्हणून सिस्टरने फोनवर सांगितले होते तसे.

“बूट नंतर काढ,” तो म्हणाला. “आधी ऐक. सिगरेट मी ओढली नाही, ते खरं. पण त्याआधी सहा वर्षं हिच्या नाकाशी ओढली, तेही खरं. आणि सोडल्यावर जे दिलं ते धुरापेक्षा वाईट होतं.” मग त्याने सगळे सांगितले. झाकण, ब्रश, ओठ. आवाज एकदाही खाली केला नाही. स्वतःच्या बाजूने एक वाक्य जोडले नाही. सून दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या मनात आले, हा माणूस सिगरेटचा आरोप अंगावर घेऊन गप्प बसू शकला असता. डबे गुपचूप टाकले असते तर आकडा उतरला असता आणि सूनही बोलली नसती.

मुलगा बॅगेकडे बघत होता. लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकल्यावर आतल्या माणसांशी कसे बोलायचे ते त्याला येत होते. हे येत नव्हते.

“मी रविवारी जातो,” म्हातारा म्हणाला.

“जा ना,” सून म्हणाली. दोघांनीही दचकून तिच्याकडे पाहिले. “आणि हिचं काय? ब्रश तोंडात घालायची सवय कोणी लावली?”

“मी.”

“डोळा बारीक करायची?”

म्हाताऱ्याचा हात डाव्या डोळ्याकडे गेला.

“मी शंभरदा सांगेन, ती शंभरदा ऐकल्यासारखं करेल. तिच्या अंगात तुमचा हात शिरलाय. तो तुम्हीच काढायचा. हिला तुम्ही ते न करताना दिसला पाहिजेत.”

“एकाहत्तराव्या वर्षी हात बदलू?”

“खोड आधी जाऊ दे, असं कोणीतरी म्हणालं होतं.”

मुलाने वाकून बॅग उचलली. तो बॅग घेऊन आत गेला आणि खाटेखाली, पेटीच्या रिकाम्या जागी, सरकवून आला.

*काम चालू आहे*

रंग गेले. उरली काळी फरशी, पाण्याने भरलेली वाटी, नवे कोरे ब्रश आणि एक ओला स्पंज. पाण्याचे अक्षर मिनिटभर चमकते आणि उडून जाते. म्हातारा ब्रशाचे टोक स्पंजावर काढायला शिकू लागला.

पहिल्या दिवशी त्याचा हात एकेचाळीस वेळा ओठांकडे गेला. आकडा ठिपकीने मोजला. तिला राखणदार नेमले होते. हात उचलला गेला की ती ओरडे, “ओठ!” आणि तिचा उचलला गेला की तो ओरडे. दुपारभर त्या घरातून “ओठ! ओठ!” असे आवाज येत. शेजारीण एकदा विचारून गेली, कोणी आजारी आहे का.

स्पंजावर टोक येई, पण ते टोक त्याचे नव्हते. रेघ थरथरे. केंद्रात त्याचेही रक्त तपासले, अडतीस निघाले. सिस्टर म्हणाली, हाताचा कंप कदाचित शिशाचाच आहे. “माझं राहू द्या,” तो म्हणाला, “मी जुनं गोदाम. नव्या खोलीचं बघा.” तरी तिने औषध लिहून दिले आणि त्याने ते घेतले, कारण राखणदाराचे लक्ष होते.

“आजोबा, तुमचा ‘ग’ लंगडतोय.”

“स्पंज बरोबर नाही.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” ठिपकी म्हणाली. शाळेत नुकतेच शिकली होती. आणि विसरली नव्हती.

त्याच दिवसांत सिस्टरने केंद्राच्या जिन्यावरच्या बोर्डाचे काम काढले. जुन्याचा रंग पोपडे धरून सुटत होता, आणि त्यातला पिवळा कोणता ते आता तिलाही ठाऊक होते. नवा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, असे म्हाताऱ्याने म्हटले असते तर कोणी नवल केले नसते. त्याने स्वतः केला. शिसे नसलेल्या रंगात, केंद्राच्या अंगणात, शेजारी स्पंज ठेवून, चार दिवस. जाणारे-येणारे थांबून बघत. पेंटरचा हात गेला, असे एकजण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

“गेला नाही,” म्हातारा मान न वळवता म्हणाला. “शाळेत घातलाय.”

बोर्ड जिन्यावर लागला. ‘धू’चा झोक मध्येच अडखळतो, शेवटची रेघ खाली कलते. पन्नास वर्षांत पसंत न पडलेला बोर्ड त्याने सही न करता दिला असेल, काही तर पुसून पुन्हा केले असतील. याच्या कोपऱ्यात सही आहे. लॉन्ड्रीकडे जाताना सून मुद्दाम त्या जिन्यापुढून जाते. एकदा तिने तिथे आपल्या नवऱ्याला उभे असलेले पाहिले, हातात हत्यारांची पेटी, मान वर. ती हाक न मारता पुढे गेली.

आणखी तीन महिन्यांनी तिने चिठ्ठी आणली. नऊ. सिस्टर म्हणाली, शून्याकडे जायचंय, अजून वाट आहे, पण उतार लागलाय. धूर असता तर इतका लागला नसता.

ती घरी आली तेव्हा दोघे फरशीवर होते. दोघांचेही दाराकडे लक्ष नव्हते. ती चिठ्ठी हातात धरून खोलीच्या उंबऱ्यातच उभी राहिली.

ठिपकीने ब्रश वाटीतून काढला. कडेला निथळवला. जरासा फिरवला. मान कलती झाली, हात वर आला. सुनेच्या घशाशी “ओठ!” आले. हात हनुवटीपाशी थांबला. क्षणभर तसाच राहिला, रस्ता विसरलेल्या माणसासारखा. मग खाली आला आणि स्पंजावर टेकला. दोन्ही डोळे उघडे होते.

“शाब्बास,” म्हातारा हळूच म्हणाला. “माझं बघून शिकलीस.”

“तुमचं बघून नाही,” ठिपकी म्हणाली. “तुम्ही सकाळपासून दोनदा चुकलात. मी मुद्दाम ओरडले नाही.”

“का गं?”

“दोन्ही वेळा तुम्ही आपले आपण थांबलात.”

सून तिथून तशीच मागे फिरली आणि स्वयंपाकघरात इस्त्री तापत ठेवली. म्हाताऱ्याचा उद्याचा शर्ट वर होता. तिने खिसा उलटा केला, शिवणीत नख घालून पाहिले. काही निघाले नाही. खिसा तिने सुलटा केला, त्यावर इस्त्री फिरवली, आणि तो पहिल्यांदा कागदासारखा सपाट बसला. मग चिठ्ठीची बारीक घडी करून तिने त्यात ठेवली.